राणीचं माहेर

नाना दहाव्याला आणि तेराव्याला जायचे ते रडणाऱ्या माणसांचे कपडे बघायला. मयत कोण, कशाने गेला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. शाळा सुटली की सायकल काढायची, ज्या घरासमोर माणसं गुमसुम बसलेली दिसतील तिथे उतरायचं, हात जोडायचे आणि सतरंजीच्या कडेला बसून राहायचं. घरातल्यांना वाटे, हा मयताच्या ओळखीतला असणार. मयत काही खुलासा करायला येत नसे, त्यामुळे नानांचं निभावून जाई.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्हाला त्याचा वृत्तांत ऐकावा लागे.

"शनिपेठेत एक म्हातारे गेले," ते सांगत. "थोरल्या मुलाने सदऱ्याचं बटण भलत्याच काजात घातलेलं. एवढा गोतावळा भोवती, पण एकाने त्याला सांगितलं नाही. आणि तुमच्या नाटकात बाप मेलेला मुलगा येतो तो कसा? परीटघडीचा!"

"नाना, तुम्ही सांत्वनाला गेला होतात की मापं घ्यायला?" मी एकदा विचारलं.

"सांत्वन करणारे पुष्कळ होते," ते म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवलं.

मी तेव्हा जळगावच्या त्या शाळेत मराठी शिकवायला नवीनच लागले होते. नाना चित्रकला शिकवत आणि निवृत्तीला टेकले होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. शाळेत, बाजारात, नाटकाच्या तालमीत सगळे त्यांना नानाच म्हणत आणि त्यांच्या दारावरही नावाची पाटी नव्हती. गावात आमची एक हौशी नाटकमंडळी होती. दरवर्षी स्पर्धेत उतरायचं आणि दरवर्षी पडून परत यायचं, हा तिचा शिरस्ता. त्या मंडळीचा कपडेपट नानांकडे होता. मी तिच्यात शिरले ती नाटकाच्या हौसेने. नंतर टिकून राहिले ती मात्र नानांमुळे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

उंच माणूस, खांदे पडलेले. सदऱ्याला इस्त्री कधी माहीत नाही. "इस्त्री केलेलं दुःख मला दाखवू नका," हे वाक्य ते वर्षातून शंभरदा तरी म्हणत. आणि चिमूट. अंगठा आणि पहिलं बोट. समोर कोणीही येवो, बोलता बोलता नाना त्याच्या बाहीची कड चिमटीत धरत, जरा चोळत आणि कापडाची कुंडली सांगत. लाज अशी नव्हतीच. एकदा बसस्टँडवर त्यांनी ड्यूटीवरच्या हवालदाराची बाही धरली. हवालदाराने दंडुका उचलला. नाना म्हणाले, "साहेब, यात सूत नावालाच आहे. तुम्हाला काखेत पुरळ येत असेल." हवालदाराने दंडुका खाली घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मग काय लावू?"

नानांचा जन्मशत्रू म्हणजे ड्रेपरीवाला. नाटकांना भाड्याने कपडे पुरवणारा हा माणूस स्वभावाने बिचारा फार चांगला होता. पण त्याच्याकडे राजा म्हणजे साटीन, राणी म्हणजे जास्त साटीन आणि ऋषी म्हणजे भगवं साटीन. टीव्हीवर रविवारी सकाळी मुकुट चमकायला लागले तेव्हापासून तर त्याने भिकाऱ्याच्या झोळीलाही टिकल्या लावल्या. "राजाला घाम येतो, हे याला कोणी सांगितलंच नाही," नाना म्हणत.

नानांचं सगळं बरोबर असे असं मात्र कोणी समजू नये. त्यांचे घोटाळे मोठे असत. एका ऐतिहासिक नाटकात त्यांनी सरदाराचा अंगरखा पळसाच्या फुलांच्या रंगात बुडवला. रंग असा सुरेख आला की बघत राहावं. पण रंग पक्का करणारी तुरटी कमी पडली. दुसऱ्या अंकात सरदाराला घाम फुटला, मान केशरी झाली, हात केशरी झाले. मग त्याने निरोप घेताना पत्नीला जवळ घेतलं आणि तिच्या पांढऱ्या पातळावर पाठीमागे दहा बोटं उमटली. ती वळून आत निघाली तेव्हा थिएटर जे हसायला लागलं ते पडदा पडेपर्यंत. आमचे दिग्दर्शक नानांना काय काय बोलले. नाना विंगेत डोकं धरून बसले होते. तिथूनच म्हणाले, "रंग कच्चा होता, मान्य. पण घाम खरा होता की नाही?"

हे दिग्दर्शक कॉलेजात इंग्रजी शिकवत. आम्ही त्यांना सर म्हणत असू. नाना आणि सर यांचं भांडण हेच आमच्या मंडळीचं खरं नाटक होतं आणि ते दरवर्षी रंगत असे.

नाना राहत ते जुन्या गावातल्या दोन खोल्यांत. मागे अंगण, अंगणात चूल, चुलीवर हंडा. हंड्यात डाळिंबाच्या साली आणि गंजके खिळे उकळत असायचे, कारण त्यातून राखाडी काळा रंग निघतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. मूलबाळ झालेलं नव्हतं आणि बायको जाऊन काही वर्षं लोटली होती. शेजारी एक अक्का होत्या, असोदा गावच्या. त्या भिंतीवरून भाकरी द्यायच्या आणि वर रागवायच्याही. नानांच्या बायकोची गोष्ट मला त्यांनी सांगितली. तीही नाना तिथेच काठीने हंडा ढवळत असताना, जणू ते कोणी परके.

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते भावाने आणायचं. बाई म्हातारी असो की तरणी, माहेरचं माणूस पोचल्याशिवाय तिला उचलत नाहीत. नानांच्या बायकोचं माहेर धुळ्याचं. आग्रा रोडवर कापडाचं मोठं दुकान. नाना धुळ्यात शिकायला होते तेव्हा त्या दोघांनी रजिस्टर लग्न केलं. जात वेगळी. भावाने त्याच दिवशी तिच्या नावाने आंघोळ केली, म्हणजे आमच्यापुरती ती मेली. मग ती खरोखर गेली.

"नानानं पहिल्या गाडीनं मानूस धाडला धुळ्याले," अक्का सांगत होत्या. "न् बसला वाट पाहत. दुपार झाली, लोक म्हनत उचला. हा म्हने, थांबा, धुळ्याची गाडी येयाची हाये. एक गाडी आली, दुसरी आली. सांजच्याले तो मानूस एकटाच परत आला. भावानं सांगून धाडलं, आमचं सुतक कव्हाच फिटलं, आता कसाचं लुगडं?"

काठी हंड्यात फिरतच होती.

"मी म्हटलं, भाऊ, मले तिची बहीन समजा. माह्या पेटीत कोरं लुगडं हाये, टाका तिच्या अंगावर. ज्याले माहेर नसतं त्याले शेजार माहेर होतं. पन हा बाबा ऐके तं! म्हने, ज्याचं त्यानंच आनलं पाहिजे. न् नेली तिले घरच्या धुतल्या साडीवर. कापडाच्या दुकानातली पोर ती!"

मला कुठे बघावं कळेना. नाना हंड्यातच बघत होते.

"अक्का सांगतात ते खरं आहे," ते म्हणाले. "घ्यायला पाहिजे होतं त्यांचं. माझ्या हट्टापायी तिला मिळालं नाही." मग त्यांनी मला तुरटीची पुडी मागितली.

त्या वर्षी सरांनी एक ग्रीक शोकांतिका मराठीत आणली. राजा हट्टी, राज्य रसातळाला आणि शेवटी जवळपास सगळे मरतात, एवढं सांगितलं तरी पुरे. राणी मी होते. मंडळीत तेव्हा सर्वांत कमी लग्नाळू दिसणारी मुलगी मी, म्हणून मला राणी दिली असं नाना म्हणायचे. नानांना मात्र त्या नाटकाने झपाटलं. जिल्हा ग्रंथालयातून त्यांनी ग्रीक पुतळ्यांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि चार दिवसांनी शाळेत आले ते आनंदाने लाल होऊन.

"हे लोक शिवत नव्हते!" ते म्हणाले. "अखंड कापड, खांद्यावर टाचायचं, कमरेला बांधायचं. म्हणजे आपलेच की!"

मांजरपाटाचे तागे आले, हंडा रात्रंदिवस पेटला आणि आम्हा सगळ्यांसाठी न शिवलेली, राखाडी, जाडीभरडी वस्त्रं तयार झाली. आमचा राजा म्हणजे कीटकनाशकांच्या दुकानाचा मालक. त्याने आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "नाना, यात मी राजा दिसतो की न्हाव्याकडे दाढीला बसलेला माणूस?"

"अजून काहीच दिसत नाहीस," नाना म्हणाले. "आधी अंगाला लागू दे."

अंगाला लागू देणं ही त्यांची पद्धत. तालमीआधी महिनाभर प्रत्येकाने आपलं वस्त्र घरी, कामावर नेसायचं. त्यात जेवायचं, त्यात झोपायचं. माझी आई म्हणाली, "लोक विचारतात, तुझ्या मुलीने संन्यास घेतला का." राजा ते नेसून दुकानात बसला, तर कापसावर मारायचं औषध घ्यायला आलेला शेतकरी दारातच थबकला आणि घरात कोण वारलं म्हणून विचारू लागला. हे राजाने चिडून सांगितलं तेव्हा नाना खूश झाले. "झालं! आता तू राजा झालास," म्हणाले. रंगीत तालमीला राजाने गुपचूप ड्रेपरीवाल्याकडचा जांभळा झगा आणला होता. नानांनी तो पाहिला, कात्री घेतली आणि मधोमध उभा कापला. ड्रेपरीवाल्याची भरपाई सरांनी केली आणि पंधरा दिवस ते नानांशी बोलले नाहीत.

पण त्याआधीचं भांडण मोठं होतं. ग्रीक नाटकात मरण प्रेक्षकांच्या समोर होत नाही. राणी आत जीव देते आणि तिचं प्रेत तेवढं फळीवर घालून बाहेर आणतात. सरांच्या संहितेत ते आणलं की राजा आक्रोश करी आणि नाटक संपे. नाना म्हणाले, "मध्ये लुगडं पाहिजे."

"कसलं लुगडं?"

"माहेरचं. हिरवं, काठाचं."

सरांनी चष्मा काढला. "नाना, ग्रीसमध्ये लुगडं?"

"राणी मेली. ती कोणाच्या तरी घरची मुलगी होती की नव्हती?"

"होती."

"मग त्या घरचं कोणीतरी येईल की."

"नाटककाराने तसं लिहिलेलं नाही."

"त्याच्या घरातलं कोणी गेलं नसेल," नाना म्हणाले.

खांद्यावरची टाचणी त्या काळातली नाही म्हणून जो माणूस रात्र रात्र तळमळायचा, तो शोकांतिकेच्या शेवटाला नऊवारी लुगडं घालायला निघाला होता. आणि हे चूक आहे हे त्याला आमच्याहून जास्त कळत होतं. सर मला नंतर म्हणाले, "काळाच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे. आपले गुण जातील." तरी ते नमले. राणीच्या बापाच्या घरचा एक म्हातारा सेवक मूकपणे येतो, प्रेतावर वस्त्र घालतो आणि जातो, एवढं त्यांनी मान्य केलं. त्यांनाही अक्कांकडून सगळं कळलेलं असावं.

स्पर्धेचं केंद्र त्या वर्षी धुळ्याला होतं. तेव्हा नानांच्या मनात काय आहे ते मला उमगलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"लुगडं त्याच दुकानातून आणायचं," ते म्हणाले. "तू जा. मला तो ओळखेल. आणि निघताना त्याला नाटकाचा पास दे. त्याने एकदा समोर बसून पाहावं, भाऊ लुगडं घालतो म्हणजे काय करतो."

"पाहून काय होणार, नाना?"

"ते त्याने ठरवायचं."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. गेलेली बाई गेली. तिच्यासाठी हा माणूस एक अख्खं ग्रीक राज्य मोडीत काढायला तयार होता आणि त्यातून हाती काय येणार तर एका दुकानदाराची मान खाली. पण तीही जाईल याची खात्री नव्हती. तो पास फाडून टाकेल, येणारच नाही, आला तर झोपेल. मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "असेल. पण मला दुसरा कुठला मार्ग येत नाही. मला कपडेच येतात."

धुळ्याला आम्ही एसटीने गेलो. दुकान मोठं, गाद्या घातलेल्या, आणि गल्ल्यावर पांढरी टोपी घातलेला रुंद माणूस. नाना समोरच्या रसवंतीच्या बाकावर दुकानाकडे पाठ करून बसले.

"काय दखाडू, ताई?" त्याने विचारलं.

"नऊवारी लुगडं. हिरवं."

"कोनासाठे?"

"नाटकासाठी."

"नाटकले इतलं भारी कसाले? चमकनारं ल्या. लांबथून भारी दिसस."

मी हसू आवरलं. मला हेच पाहिजे म्हटल्यावर त्याने एक लुगडं ओढलं, काठ उलगडला आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरून जरा चोळला. मी बघतच राहिले. थेट नानांची रीत. इतके दिवस मला वाटे की ती चिमूट नानांची. ती या घरची होती. ती या माणसाच्या बहिणीने त्यांना शिकवली होती.

पास दिला तेव्हा त्याने उलटसुलट पाहिला. "नाटक कसानं शे?"

"दुःखाचं."

"मंग घरनास्ले नही आनस. मी एखला येसू."

बाहेर आल्यावर नानांनी विचारलं, "काही बोलला?"

"चमकणारं घ्या म्हणाला."

नाना खदखदून हसले. रसवाल्याने वळून पाहिलं इतके. मग एकदम थांबले. मी लुगड्याचा पुडा त्यांच्यापुढे केला, पण त्यांनी हात मागे घेतला. "तुझ्याकडेच राहू दे. मी घेतलं तर ते मी आणलेलं होईल." दुकानात दिलेले पैसे नानांचेच होते. जळगाव येईपर्यंत पुडा माझ्या मांडीवर होता आणि नाना खिडकीबाहेरची केळी बघत होते.

प्रयोग आम्हाला दुपारचा मिळाला. दुपारी थिएटर अर्धंच भरतं. पडद्याच्या भोकातून मी पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत पांढरी टोपी. एकटाच होता. घोषणा सुरू झाल्या. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, संगीत, आणि मग वेशभूषा म्हणून नानांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी भोकाला डोळा लावून बघत होते. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा घातली. उठला मात्र नाही.

"बसलेत," मी नानांना सांगितलं.

ते कोरसमधल्या एका मुलीच्या खांद्यावर टाचणी लावत होते. "बरं," म्हणाले. टाचणी त्यांच्या बोटात घुसली होती, ते त्या मुलीने मला नंतर सांगितलं.

नाटक कसं झालं मला सांगता येत नाही. राणी अर्ध्यातच आत जाते. शेवटी मला फळीवर निजवून बाहेर आणलं. डोळे मिटलेले. राजा आक्रोश करायचा थांबला आणि रंगमंचाच्या फळ्यांवर म्हाताऱ्या सेवकाची पावलं वाजली. मग ते लुगडं माझ्या अंगावर पडलं. कोरं, खळीचा वास असलेलं. पायांपासून छातीपर्यंत आणि मग हळूच, शिकवल्याप्रमाणे, हनुवटीपर्यंत. मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला. तो कुजबुजल्यासारखा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माहेरनं लुगडं शे, मायबाई."

आणि पदर नाकाला लावल्याचे आवाज. त्या बायकांना ग्रीस कुठे आहे माहीत नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. बंद डोळ्यांनी पडून मी रडत होते. प्रेताने रडू नये, म्हणून ओठ चावत होते. परीक्षकांनी पुढे लिहिलं की शेवटच्या प्रवेशातल्या अनाकलनीय वेशभूषेने कालभान बिघडलं. आम्ही त्याही वर्षी पडलो.

पडदा पडल्यावर मी रंगपटात आले. लुगडं माझ्या हातावर होतं. मुली, राजा, सगळे चहाला बाहेर गेले होते. नाना पेट्या उघडून वस्त्रांतल्या टाचण्या काढत बसले होते. दारात तो आला. टोपी हातात. चौकट धरून उभा राहिला.

"मास्तर," तो म्हणाला.

नानांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांना लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असावं. दोघंही म्हातारे झाले होते.

तो आत आला, माझ्या हातावरच्या लुगड्याचा काठ त्याने चिमटीत धरला. "हाई मन्हा दुकानमधलं शे."

"तुमनंच शे," नाना म्हणाले. त्यांना त्या बोलीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. घरात ते दोघं तीच बोलत असणार.

"तिले काय नेसाडं व्हतं तवय?"

"घरनी साडी. धुयेल."

तो खाली बसला. पेटीवरच बसला, कोणी बस म्हणायची वाट न पाहता. मग नानांकडे न बघता बोलू लागला.

"मायनी लुगडं काढी ठेवेल व्हतं," तो म्हणाला. "मानूस उना तवय ती दारशी उभी व्हती, लुगडं हातमा लईसन. मीच जाऊ नही दिधं. मी बोलनू, सुतक फिटी गयं."

नानांच्या हातातली टाचणी खाली पडली. त्या दिवशी एकेक गाडी बघत ते वाट पाहत राहिले, तेव्हा धुळ्यात दाराशी, तिच्या आईच्या हातात, खरोखर एक लुगडं तयार होतं. वाट पाहणं वेडेपणाचं नव्हतं. आणि तरीही ते आलं नव्हतं. मला वाटलं, हे नानांना कळलं नसतं तर बरं झालं असतं. निदान ही एक गोष्ट तरी त्यांना कळायला नको होती.

तो उठला. त्याने टोपी घातली. माझ्या हातावरचं लुगडं उचललं, दोन्ही तळव्यांवर नीट ठेवलं, वाकून नानांच्या समोर धरलं.

"हाई मी दि ऱ्हायनू. भाऊना हातथून. ल्या."

नानांचे हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. इतकी वर्षं त्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती. त्यासाठी नाटक मोडलं, सरांशी वैर घेतलं, गुण घालवले. तो क्षण समोर उभा होता, वाकून, दोन्ही हात पुढे करून. नानांनी लुगड्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या तोंडाकडे. आवाजात राग नव्हता. विचारावं म्हणून विचारल्यासारखे ते म्हणाले,

"आते कोनाले नेसाडू?"

तो हात मागे घेईना. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मघाशी ते लुगडं माझ्याच अंगावर पडलं होतं आणि मेलेल्या राणीचा रंग अजून माझ्या तोंडावर होता. मी दोन पावलं मागे सरकले. मी जिवंत होते.